बदलीचा अंदाज

अमुक मनुष्य आपल्या जागेवर राहील कीं जाईल, याचा अंदाज बांधण्याचा छंद मनुष्यास फार जुना आहे. दरबारांत कारभारी टिकणार कीं नाहीं, मामलेदाराची बदली होणार कीं रद्द होणार, नाटक मंडळींतला नायक दुसऱ्या मंडळीस जाऊन मिळणार कीं काय, या चर्चेंत आपल्या वाडवडिलांचे कित्येक तास सुखानें गेले. हल्लींच्या पिढीस त्यासाठीं कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसावें लागत नाहीं. इंडियन प्रीमियर लीगनें या छंदास एक भलें मोठें मैदान मोकळें करून दिलें आहे.

कल्याणपुढचें तिसरें स्थानक टिटवाळा. तेथून मुंबईस सुटणाऱ्या सकाळच्या लोकलनें आम्ही बरींच वर्षें जात आलों आहों. २०२५ सालच्या नोव्हेंबरांत त्या गाडींत दुसरा विषयच नव्हता. संजू सॅमसन राजस्थानांतून चेन्नईस जाणार असें ऐकूं येत होतें. मग चेन्नई त्याच्या बदल्यांत कोणास देणार? खिडकीपाशीं बसणारे बँकेंतले एक गृहस्थ रोज नवी यादी सांगत, आणि आंबिवलीस चढणारे त्यांचे स्नेही ती शहाड येईपर्यंत खोडून काढीत. हे गृहस्थ मोठे सौजन्यशील आहेत. शेजाऱ्याविषयीं त्यांच्या तोंडून उणा शब्द निघावयाचा नाहीं. परंतु या यादींत शिरले कीं ते सहज म्हणून जात, "सदतिशीला आला तो, आतां काय करायचाय? देऊन टाका आणि दुसरा घ्या." 'देऊन टाका' हें क्रियापद आपण एरव्हीं जुन्या कपाटासाठीं वापरतों.

या अंदाजांत नीतीच्या दृष्टीनें कांहीं वावगें आहे काय, असा प्रश्न आमच्या मनांत आला. प्रथमदर्शनीं तो क्षुल्लक वाटेल. ज्या खेळाडूस हंगामास अठरा कोटि रुपये मिळतात त्याची कींव टिटवाळ्याच्या गाडींत उभें राहून कोणी करावी? कींव करण्याचा आमचाही हेतु नाहीं. खेळाडू आपलें पाहून घेईल. आम्हांस चिंता वाटते ती बोलणाऱ्याची, म्हणजे आपणां सर्वांची.

आधीं हा व्यवहार कसा चालतो तें पाहूं. या लीगचा पहिला लिलाव २००८ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस झाला, आणि त्यांत महेंद्रसिंग धोनी हा पंधरा लाख डॉलरला चेन्नईकडे गेला; त्या दिवशीं तीच सर्वांत मोठी बोली होती. दुसऱ्याच वर्षीं अदलाबदलीस आरंभ झाला. मुंबईनें रॉबिन उथप्पा बंगलोरला दिला आणि श्रीरामपूरचा झहीर खान घेतला. आशिष नेहरा दिल्लीला दिला आणि शिखर धवन घेतला. यासच आतां लहानथोर सर्व 'ट्रेड' म्हणतात. प्रत्येक संघास खर्चाची मर्यादा ठरवून दिलेली असते. २०२४ सालच्या नोव्हेंबरांत जेद्दा येथें मोठा लिलाव झाला तेव्हां ती १२० कोटि रुपये होती, आणि तेवढ्यांत अठरापासून पंचविसापर्यंत खेळाडू बसवावयाचे होते. त्या लिलावांत लखनौनें एकट्या ऋषभ पंतासाठीं २७ कोटि मोजले. म्हणजे बाकीच्या सर्वांस मिळून ९३ कोटि उरले. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीस पुढचें गणित समजावून सांगावयास नको.

कोण जाणार हें ओळखण्याच्या खुणा या गणितांतूनच निघतात. ज्याचा मोबदला मोठा आणि काम आटत चाललें आहे, ज्याच्या जागेस संघांतच दुसरा तरुण तयार आहे, ज्यास कर्णधार व्हावयाचें आहे पण ती जागा रिकामी नाहीं, आणि ज्याच्या गुणाची दुसऱ्या एखाद्या संघास नड आहे, त्याचें नांव यादींत वर चढतें. यांतील शेवटची खूण आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, आणि गाडींतल्या चर्चेंत नेमका तिचाच विसर पडतो. ज्याचा कोणासच उपयोग नाहीं त्याची अदलाबदल होत नाहीं. त्यास नुसतें सोडून देतात. अदलाबदल व्हावयास पलीकडच्या बाजूस कोणी तरी हात पुढें करून उभा असावा लागतो. अर्थात् 'हा जाणार' या वाक्याचा निम्मा अर्थ 'हा कोणास तरी हवा आहे' असा असतो. मग तें वाक्य उच्चारतांना आपला सूर हळहळीचा किंवा तुच्छतेचा कां असावा?

शार्दूल ठाकूर याचें उदाहरण घ्या. हा पालघरचा, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत पालघर आमच्या ठाणें जिल्ह्यांतच होतें, म्हणून त्याच्याविषयीं आम्हांस थोडा आपलेपणा वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. लोकलच्या गर्दींत खांद्यावर किट घेऊन रोज मुंबई गांठणाऱ्या पोरांपैकीं तो एक. या लीगमध्यें त्याची अदलाबदल तीन वेळां झाली: २०१७ साली पंजाबकडून पुण्याकडे, २०२२ च्या नोव्हेंबरांत दिल्लीकडून कोलकात्याकडे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत लखनौकडून मुंबईकडे. मधल्या काळांत त्याच्या किंमतीचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. २०२२ च्या लिलावांत दिल्लीनें त्याच्यासाठीं पावणेअकरा कोटि दिले. २०२३ च्या डिसेंबरांत चेन्नईनें चार कोटि दिले. २०२४ च्या नोव्हेंबरांत दहांपैकीं एकाही संघानें त्याचें नांव उचललें नाहीं. पुढें मार्चांत लखनौचा मोहसीन खान दुखापतीनें बाहेर बसला, तेव्हां त्याच्या जागीं शार्दूलास दोन कोटींस बोलाविलें. आणि थोड्याच दिवसांत त्यानें हैदराबादच्या भरघोस फलंदाजीसमोर ३४ धांवांत ४ बळी घेतले. तोच हंगाम संपल्यावर मुंबईनें त्यास मागून नेलें.

पावणेअकरा, चार, शून्य, दोन. चार वर्षांतले हे चार आंकडे एकाच मनुष्याचे आहेत. ब्रिस्बेनच्या मैदानावर २०२१ च्या जानेवारींत ६७ धांवा करून सात बळी घेणारा तोच, आणि जोहान्सबर्गास २०२२ च्या जानेवारींत एका डावांत ६१ धांवांत ७ बळी घेणारा तोच. त्याचा गुण एका वर्षांत शून्यावर आला आणि चार महिन्यांत पुन्हां उगवला, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. बदलली ती घेणाऱ्यांची गरज. कोणाचा गोलंदाज दुखावला, कोणाची थैली रिकामी झाली, कोणास सातव्या क्रमांकावर फटकेबाजी करणारा गोलंदाज हवा झाला, याचा हिशेब त्या आंकड्यांत आहे. ते आंकडे आपण शार्दूलाच्या कपाळावर वाचतों, वस्तुतः ते संघमालकांच्या वहींतले आहेत.

आमच्या न्यायशास्त्रांत डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचें अनुमान करतात, कारण जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति कोठेंही मोडत नाहीं. गाडींतल्या नैयायिकांची व्याप्ति निराळी आहे: जो जातो तो कमी पडलेला असतो. ही व्याप्ति किती कच्ची आहे हें पाहण्यास कॅनडांत जावें लागेल. तेथें आणि अमेरिकेंत बर्फावर खेळली जाणारी धंदेवाईक हॉकी आहे, आणि खेळाडूंची देवघेव तींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हंगामांत देवघेवीची शेवटची तारीख जवळ आली कीं कोण जाणार याच्या याद्यांनीं वर्तमानपत्रें भरून जातात, आणि त्या याद्या करणें हा कित्येकांचा पोटाचा उद्योग आहे. त्या खेळांतला सर्वश्रेष्ठ मानला गेलेला वेन ग्रेट्स्की एडमंटनच्या संघांत होता. १९८८ च्या मे महिन्यांत एडमंटननें अजिंक्यपद मिळविलें, आणि ९ ऑगस्टला त्याच ग्रेट्स्कीस लॉस एंजेलिसला देण्यांत आलें. त्यांत त्याचें कोठेंही उणें नव्हतें. त्याचा मालक पीटर पॉकलिंग्टन यास रोख पैसा हवा होता. कॅनडाच्या पार्लमेंटांत एका सभासदानें सरकारनें हा सौदा थांबवावा अशी मागणी केली, एवढा तो देश हादरला. आणि लोकांनीं दोष कोणास द्यावा? कांहींनीं तो ग्रेट्स्कीच्या बायकोस दिला, कारण त्याचें लग्न होऊन पुरता महिनाही झाला नव्हता आणि ती अमेरिकन नटी होती. नव्या सुनेस पांढऱ्या पायाची ठरविणारें आपलेंच घर, असें समजण्याचें कारण नाहीं हें पाहून आम्हांस जरा समाधान वाटलें!

चुकीच्या अनुमानानें कोणाचें बिघडतें, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. घरीं बोललेला अंदाज घरांतच विरतो. लाखों लोकांनीं एकदम बोललेला अंदाज मैदानावर जाऊन उभा राहतो. हार्दिक पंड्या हा मूळचा मुंबईचा खेळाडू. २०२२ च्या मोठ्या लिलावापूर्वीं मुंबईनें त्यास सोडलें. गुजरातनें कर्णधार केलें. पहिल्याच वर्षीं त्यानें अजिंक्यपद आणि दुसऱ्या वर्षीं उपविजेतेपद मिळवून दिलें. २७ नोव्हेंबर २०२३ रोजीं तो अदलाबदलीच्या नियमानें मुंबईस परत आला, आणि डिसेंबरांत रोहित शर्माचें कर्णधारपद त्याजकडे आलें. रोहित लहानपणीं बोरिवलीस आजोबांकडे वाढला, पण त्याचे आईवडील डोंबिवलीच्या एका खोलींत राहत. तेव्हां आमच्या या रेल्वेमार्गावर लोकांचीं मनें दुखावलीं यांत नवल नाहीं. परंतु दुखावलेल्या मनांनीं २०२४ च्या हंगामांत जें केलें तें पाहून मान खालीं गेली. घरच्याच वानखेडे मैदानावर आपल्याच कर्णधाराची हुर्यो झाली, आणि नाणेफेकीच्या वेळीं संजय मांजरेकर यांस प्रेक्षकांस नीट वागा म्हणून सांगावें लागलें. संघ शेवटच्या, दहाव्या क्रमांकावर आला. जूनच्या २९ तारखेस बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत शेवटचें षटक याच हार्दिकनें टाकलें आणि भारत सात धांवांनीं जिंकला. ४ जुलैला वानखेडेवर त्याच्याच नांवाचा जयघोष झाला. एप्रिलपासून जुलैपर्यंत मनुष्य बदलला नाहीं, हें त्या जयघोष करणाऱ्यांसही ठाऊक असावें. त्यांनीं एप्रिलांत व्यवहाराचा राग मनुष्यावर काढला होता, इतकेंच.

आणखी एक विषमता आमच्या ध्यानांत आली आहे. मालकानें खेळाडू बदलावयाचें मनांत आणलें तर त्यास धोरण म्हणतात. खेळाडूनें संघ बदलावयाचें मनांत आणलें तर त्यास बेइमानी म्हणतात. रवींद्र जडेजा २००८ साली अजिंक्य ठरलेल्या राजस्थानच्या संघांत होता. पुढें करार नव्यानें न करतां त्यानें दुसऱ्या संघाशीं बोलणें लावलें, या कारणास्तव २०१० चा सबंध हंगाम त्यास खेळूं दिलें नाहीं. तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता. २०१२ साली तो चेन्नईस गेला. २०२३ च्या अंतिम सामन्यांत शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून त्यानें चेन्नईस अजिंक्यपद मिळवून दिलें. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत सॅमसनच्या मोबदल्यांत, सॅम करनबरोबर, त्यास त्याच राजस्थानला देण्यांत आलें. अठरा कोटींचे चौदा झाले. आमच्या बँकेंतल्या गृहस्थांचा अंदाज तंतोतंत उतरला, आणि त्यांनीं त्या दिवशीं डब्यांत पेढे वाटले. स्वतः त्यांच्या बदलीचा हुकूम मार्चांत येण्याची भीति होती, आणि त्याविषयीं मात्र कोणी अक्षर काढलेलें त्यांस खपत नसे.

या विषमतेविरुद्ध अमेरिकेंत एका मनुष्यानें सर्वस्व पणास लावलें. कर्ट फ्लड हा बेसबॉलचा खेळाडू बारा वर्षें सेंट लुईसला खेळला. १९६९ साली त्यास न विचारतां फिलाडेल्फियास दिलें, तेव्हां त्यानें जाण्याचें नाकारलें. आपण खरेदीविक्रीचा माल नाहीं, असें त्यानें बेसबॉलच्या मुख्य अधिकाऱ्यास लेखी कळविलें, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलें. वर्षास नव्वद हजार डॉलर मिळविणाऱ्यानें गुलामगिरीची भाषा करावी, याचें लोकांस हंसूं आलें. १९७२ साली तो खटला हरला. तोंवर त्याचा खेळ संपला होता. पुढें तीनचार वर्षांतच दुसऱ्या खेळाडूंस तें स्वातंत्र्य मिळालें.

तर मग ही अदलाबदलच पापमय म्हणावी काय? तितक्या थरास जाण्यास आम्ही तयार नाहीं. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८५ साली एक मार्मिक भेद मांडला: ज्याच्या जागीं तुल्यबळ असें दुसरें कांहीं ठेवतां येतें त्यास किंमत असते, ज्याच्या जागीं दुसरें कांहीं ठेवतांच येत नाहीं त्यास प्रतिष्ठा असते, आणि मनुष्य या दुसऱ्या वर्गांत मोडतो. परंतु मनुष्याचें काम पहिल्या वर्गांतलें आहे. आमच्या जागीं उद्यां दुसरा प्राध्यापक येईल आणि तर्कशास्त्राचा तास वेळेवर सुरू होईल. त्यांत आमचा अपमान नाहीं. खेळाडूची अडचण एवढीच कीं, त्याचें काम त्याच्यापासून वेगळें काढून दाखवितां येत नाहीं. सुताराचें काम त्याच्या हातून सुटून टेबलांत उतरतें. गोलंदाजाचें काम त्याच्या खांद्यांत आणि गुडघ्यांतच राहतें. म्हणून काम मोजतां मोजतां आपण मनुष्य मोजूं लागतों, आणि केव्हां मोजूं लागलों हें आपल्यास कळत नाहीं.

मुंबईच्या कापडगिरण्या चालू होत्या तेव्हां कायम कामगार गैरहजर राहिला कीं त्याच्या साच्यावर दुसऱ्यास उभें करीत. तो दुसरा रोज पाळीच्या वेळीं फाटकाशीं येऊन थांबे. काम मिळालें तर रोज मिळे, नाहीं तर परत. त्यास 'बदली कामगार' म्हणत. पुढें पुढें कामगार हा शब्द गळाला आणि बदली एवढाच उरला. "मी बदली आहें," असें तो मनुष्य आपल्या तोंडानें सांगे. दुसऱ्यांनीं केलेला हिशेब मनुष्याच्या स्वतःच्या जिभेवर जाऊन बसतो, तेव्हां तो नुसता हिशेब राहत नाहीं.

टिटवाळ्याच्या महागणपतीची आख्यायिका तेथें अंगारकीस रांगेंत उभ्या राहणाऱ्या बहुतेकांस माहीत असते. कण्वांचा आश्रम तेथें काळू नदीकांठीं होता, आणि दुष्यंताची पुन्हां भेट व्हावी म्हणून शकुंतलेनें या गणपतीची आराधना केली, असें सांगतात. दुष्यंताची ती गोष्ट आम्हांस या विषयांत फार आठवली. समोर पत्नी उभी आहे आणि राजा अंगठी मागतो! खूण हरवली म्हणून मनुष्य दिसेनासें झालें. शाप दुर्वासांचा होता, म्हणून दुष्यंतास तरी क्षमा आहे. आपल्यावर कोणाचा शाप नसतां आपण कोटींचा आंकडा हातीं आल्याखेरीज खेळाडू ओळखीत नाहीं.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील टिटवाळ्यासच राहतात. मुलगा डावखुरा फिरकी गोलंदाज, पहाटेच्या गाडीनें मैदान गांठणारा. वर सांगितलेल्या खुणांची चर्चा एकदां फलाटावर चालली असतां त्यांनीं आम्हांस विचारलें, "सर, याच खुणा लावल्या तर आमच्या पोराचें नांव लागेल कां हो?" आम्हीं खरें तें सांगितलें, कीं तूर्त कठीण दिसतें, वरच्या संघांत दोन डावखुरे फिरकी गोलंदाज आधींच आहेत आणि दोघेही तरुण आहेत. ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला सांगाल तर ते दोघे आहेत म्हणून, असें सांगा. तो कमी आहे म्हणून, असें नका सांगूं."

या साध्या गृहस्थानें जो भेद केला तो आम्हांस कांटच्या भेदाहून अधिक उपयोगी वाटतो. अंदाज बांधूं नये असें त्यांचें म्हणणें नव्हतें. अंदाजाचें खरें कारण अंदाजाबरोबर बोललें जावें, एवढेंच तें होतें. 'चेन्नईस सलामीचा फलंदाज व यष्टिरक्षक हवा आहे, म्हणून जडेजा जाईल' आणि 'जडेजा संपला, म्हणून जाईल' या दोन वाक्यांतून निष्पन्न होणारी बातमी एकच आहे. पण पहिलें वाक्य जडेजासमोर उभें राहून म्हणतां येतें. दुसरें म्हणण्यास त्याच्या पाठीची गरज लागते. हें दुसरें वाक्य किती घरांत जेवतांना बोललें जात असेल, आणि तें ऐकत बसलेला परीक्षेंत मागें पडलेला मुलगा त्यावरून स्वतःविषयीं काय गणित मांडीत असेल, हें ज्याचें त्यानें पाहावें.

संमतीविषयीं मात्र एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपल्या लीगमध्यें खेळाडूच्या संमतीवांचून त्याची अदलाबदल होत नाहीं, आणि हा नियम चांगला आहे. अमेरिकेच्या हॉकींत करारांत तसें कलम नसेल तर ज्यास जेथें धाडतील तेथें त्यानें जावें लागतें. अर्थात् नियम आणि संमति यांतही अंतर असतें. पूर्वीं साट्यालोट्याचीं लग्नें होत तेव्हां दोन्ही मुलींस विचारलें होतें असें सांगण्याची पद्धति होती; विचारी तो बाप आणि उत्तर देई ती आई. तीस लाखांवर घेतलेल्या विसाव्या वर्षांतल्या पोरास मालकानें बोलावून, तुला अमुक संघास देतों, तुझी हरकत नाहीं ना, असें विचारलें, तर तो हरकत घेईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि कित्येकदां विचारावयास मनुष्यच समोर नसतो. ग्रेट्स्कीच्या सौद्यांत एडमंटनला दीड कोटि डॉलर आणि दोन खेळाडू मिळाले. शिवाय होतकरू मुलांच्या वार्षिक निवडींत लॉस एंजेलिसचा जो पहिल्या फेरीचा हक्क होता, तो १९८९, १९९१ आणि १९९३ या तीन सालांपुरता मिळाला. १९९३ साली त्या हक्कानें एडमंटननें एक अठरा वर्षांचा बचावपटू निवडला. सौदा झाला त्या ऑगस्टांत तो तेरा वर्षांचा होता, आणि देणाऱ्याघेणाऱ्यांपैकीं कोणासही त्याचें नांव माहीत नव्हतें.